खोडसाळ दावेबाजाविरुद्ध उच्च न्यायालयाचा आदेश: आधी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक मागणी नेहमी ऐकू येते: "त्याने माझ्यावर आठ केसेस टाकल्यात, आता त्याला कोर्टाची दारेच बंद करा. अर्ज कुठे द्यायचा?" मुळात हा अर्ज जिल्हा न्यायालयात द्यायचा नसतो, पक्षकाराला तो स्वतःच्या नावाने करता येत नाही आणि आठ हा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. या तिन्ही बाबतींत गफलत झाली की वर्षभर धावपळ होऊनही हाती काही लागत नाही. म्हणून हा लेख तयारीपासून आदेशापर्यंत त्याच क्रमाने लिहिला आहे. तो सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष पाऊल आपल्या वकिलांशी बोलूनच टाकावे.

महाराष्ट्रात या विषयावर १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे: महाराष्ट्र व्हेक्सेशस लिटिगेशन (प्रिव्हेन्शन) ॲक्ट. एखादी व्यक्ती सवयीने आणि कोणतेही वाजवी कारण नसताना तापदायक दिवाणी किंवा फौजदारी प्रकरणे दाखल करत आली आहे, याबद्दल महाधिवक्त्यांच्या (राज्य सरकारच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांच्या) अर्जावरून उच्च न्यायालयाची खात्री पटली, तर त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून न्यायालय असा आदेश करू शकते की, पूर्वपरवानगीशिवाय तिने नवे प्रकरण दाखल करू नये आणि आधी दाखल केलेली प्रकरणे पुढे चालवू नयेत. याच धर्तीच्या मद्रासच्या १९४९ च्या कायद्याला आव्हान दिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये तो कायदा वैध ठरवला. अशा कायद्याने न्यायालयात जाण्याचा हक्क हिरावला जात नाही, दारावर फक्त चाळणी बसते, हे त्यामागचे मुख्य कारण होते. आपले निवेदन लिहितानाही मागणी एवढ्याच मापाची ठेवावी.

टप्पा १: कसोटी खरोखर लागू होते का, हे आधी तपासावे

कागद गोळा करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे लिहून काढावीत.

१. प्रकरणे त्या व्यक्तीने दाखल केली आहेत का? जो प्रतिवादी म्हणून तारखांवर तारखा घेतो, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) वेळेत देत नाही किंवा साक्षीदार टाळतो, तो कितीही त्रासदायक असला तरी या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५-ब, म्हणजे विलंबाबद्दलचा खर्च, हा वेगळा उपाय आहे.

२. ही प्रकरणे न्यायालयांतली आहेत का? माहिती अधिकाराचे अर्ज, महापालिकेकडील तक्रारी आणि पोलीस ठाण्यातील अर्ज यांचा गठ्ठा कितीही जाड असला तरी ती न्यायालयात दाखल केलेली प्रकरणे नव्हेत. तहसीलदार आणि प्रांत यांच्यासमोरील रस्त्याची व फेरफाराची प्रकरणे वेगळ्या कागदावर लिहावीत. ती कुठे आणि कशी दाखवायची, हे वकिलांना ठरवू द्यावे.

३. त्यांपैकी किती प्रकरणांत "वाजवी कारण नव्हते" असा निष्कर्ष न्यायालयाच्या आदेशातून निघतो? सारे पारडे या प्रश्नावर झुकते. हरलेला प्रत्येक दावा खोडसाळ नसतो. पुरावा कमी पडल्याने हरलेला माणूस प्रामाणिक असू शकतो. तेच भांडण निकालानंतर नवे नाव देऊन पुन्हा उकरणे, नव्या दाव्यात जुन्याच प्रतिवादींच्या जोडीला त्यांचे वकील किंवा आधीचे न्यायाधीश यांनाही ओढणे, लावलेला खर्च न भरता पुढचा दावा दाखल करणे, फेटाळलेल्या प्रत्येक किरकोळ अर्जावर वर धावणे, अशा वर्तनातून सवय दिसते.

> तपासणी: तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आदेशांची नावे लिहिता येत नसतील, तर टप्पा ६ कडे उडी मारू नये. आधी टप्पा ४ चे काम करावे.

टप्पा २: प्रकरणांचा तक्ता तयार करावा

ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर जिल्हा सोलापूर निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. सोलापुरात येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांतली नावे इंग्रजी अक्षरांत नोंदवली जातात आणि एकच आडनाव तीन दाव्यांत तीन तऱ्हेने लिहिलेले सापडते. कुठे वडिलांचे नाव आधी येते, कुठे आडनाव. त्यामुळे पूर्ण नाव टाकून एकदाच शोधण्यापेक्षा आडनावाची पहिली काही अक्षरे टाकून, प्रत्येक वर्षासाठी, प्रलंबित आणि निकाली अशा दोन्ही गटांत शोधावे. सोलापूर शहराबरोबर बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, माळशिरस वगैरे तालुक्यांची न्यायालये स्वतंत्रपणे पाहावीत. सापडलेल्या प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लगेच उतरवून घ्यावा, कारण पुढे नकलेपासून सुनावणीपर्यंत तोच खात्रीचा दुवा ठरतो. संगणकीकरणापूर्वीची प्रकरणे येथे मिळत नाहीत. त्यांच्यासाठी अभिलेख कक्षातील नोंदवह्या पाहाव्या लागतात.

तक्त्यातील एक ओळ कशी असावी, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू (नि. ५ म्हणजे निशाणी ५, तात्पुरत्या मनाईचा अर्ज):

*अ. क्र. ३. नियमित दिवाणी दावा, अक्कलकोट. दाखल २०१९. मागणी: उत्तरेकडील बांधाबाबत निरंतर मनाई. नि. ५ वरील अर्ज नामंजूर. त्यावरील किरकोळ अपील फेटाळले. दावा २०२२ मध्ये फेटाळला. न्यायालयाचे कारण: हाच बांध २०१४ च्या दाव्यात निश्चित झालेला आहे (निकालपत्र, परिच्छेद १८). खर्च ५,००० रुपये. अद्याप भरलेला नाही.*

"खोटा दावा, मानसिक त्रास" असा शेरा या ओळीत कुठेही नाही. निकालपत्रातला परिच्छेद क्रमांक मात्र आहे. तक्ता वाचणाऱ्याला आपल्या संतापाशी देणेघेणे नसते. कोणत्या न्यायाधीशांनी काय म्हटले, एवढेच तो शोधत असतो.

सावधगिरी: समोरच्याच्या बाजूने लागलेले आदेशही तक्त्यात द्यावेत. एखाद्या दाव्यात त्याला नि. ५ वर तात्पुरती मनाई मिळाली असेल, तर तो दावा निव्वळ निराधार होता असे म्हणणे अवघड होते. आणि अशी ओळ आपण गाळली व ती त्याने दाखवली, तर उरलेल्या साऱ्या तक्त्यावरचा विश्वास उडतो. पत्नी, भाऊ किंवा मुखत्यार यांनी दाखल केलेली प्रकरणेही त्याच्या खात्यावर सरसकट मांडू नयेत. त्यामागे तोच आहे हे कागदावरून दिसत असेल, तर ती वेगळ्या रकान्यात आधारासह दाखवावीत.

टप्पा ३: प्रमाणित नकला घ्याव्यात

प्रत्येक निकाली प्रकरणातील दाव्याची अर्जी, कैफियत, नि. ५ वरील आदेश, अंतिम निकालपत्र, हुकूमनामा आणि महत्त्वाच्या तारखांचा रोजनामा यांसाठी नक्कल विभागात अर्ज करावा. संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत वाचण्यापुरती चालते, पुरावा म्हणून प्रमाणित नक्कल हवी. रोजनामा बहुतेक जण मागतच नाहीत. वस्तुतः तारखेला कोण हजर होते, कोणी मुदत मागितली आणि खर्च भरला की नाही, हे रोजनाम्यातच कळते.

टप्पा ४: चालू प्रकरणांतच नोंद उभी करावी

हा टप्पा सर्वांत लांब चालतो, आणि तो टाळणाऱ्यांचे निवेदन हमखास पोकळ निघते. उच्च न्यायालयाला दाखवायचा पुरावा खालच्या न्यायालयांच्या आदेशांतून येतो. त्या आदेशांत "दावा तापदायक आहे" असे शब्द यावेत, असे वाटत असेल तर तशी हरकत आपणच वेळेत नोंदवावी लागते. (या टप्प्यात क्रमांकाने दिलेली कलमे, आदेश आणि नियम दिवाणी प्रक्रिया संहितेतले आहेत.)

*(अ) कलम ३५-अ ची हरकत लेखी घ्यावी.* दावा खोटा किंवा तापदायक आहे आणि वादीला ते ठाऊक आहे, अशी हरकत प्रतिवादीने घेतली आणि त्यानंतर दावा फेटाळला गेला, सोडून दिला गेला किंवा मागे घेतला गेला, तर न्यायालय कारणे नोंदवून भरपाईदाखल खर्च देऊ शकते. क्रम ध्यानात घ्यावा: हरकत आधी, निकाल नंतर. म्हणून कैफियतीतच स्वतंत्र परिच्छेद लिहावा. या खर्चाची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे आणि अपील व पुनरीक्षणात हे कलम लागत नाही. तीन हजारांसाठी कोण भांडणार, असे म्हणून अनेक जण ही मागणी सोडून देतात. माझ्या मते ती चूक आहे, कारण रकमेपेक्षा न्यायाधीशांनी लिहिलेली कारणे मोलाची असतात. कलम ३५ खालच्या नेहमीच्या खर्चाची मागणी वकील फीच्या पावत्यांसह वेगळी करावी.

*(आ) आदेश ७, नियम ११ चा अर्ज जपून वापरावा.* दावा दाखल करण्याला कारणच घडलेले नाही किंवा तो कायद्याने वर्जित आहे, हे अर्जीवरूनच दिसत असेल, तर अर्जी नामंजूर करून घेता येते. शब्दचातुर्याने उभा केलेला खोटा दावा सुरुवातीलाच खुडून टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ पासून सांगितले आहे. तथापि, या अर्जावर फक्त वादीची अर्जी आणि तिच्यासोबतचे कागद पाहिले जातात. आपली कैफियत त्या वेळी विचारात घेतली जात नाही. "हा वाद पूर्वीच निकाली निघाला आहे", म्हणजे पूर्वन्यायाची हरकत, साधारणपणे या अर्जावर ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, कारण त्यासाठी आधीच्या दाव्यातील अर्जी, मुद्दे आणि निकाल तपासावे लागतात. त्या हरकतीसाठी कैफियतीत सविस्तर कथन करून न्यायालयाकडून तसा वादमुद्दा निश्चित करून घ्यावा आणि टप्पा ३ मधील नकला दाखल कराव्यात.

अर्जी नामंजूर झाली म्हणून पेढे वाटू नयेत. नियम १३ प्रमाणे केवळ त्या कारणाने वादीला नवा दावा करण्यास मज्जाव होत नाही.

*(इ) तारखेला हजर राहावे.* ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामुळे दाव्याचे भवितव्य बदलते. सुनावणीच्या दिवशी दोन्ही पक्ष गैरहजर राहिले आणि दावा काढून टाकला गेला, तर मुदतीच्या कायद्याच्या अधीन राहून वादी पुन्हा नवा दावा आणू शकतो (आदेश ९, नियम ३ व ४). प्रतिवादी हजर होता आणि वादी गैरहजर म्हणून दावा फेटाळला गेला, तर त्याच कारणासाठी नवा दावा आणता येत नाही. वादीला तो आदेश रद्द करून घेण्याचाच अर्ज करावा लागतो (नियम ८ व ९). "वादीच येत नाही, आपण कशाला जायचे?" म्हणून घरी बसलेल्या प्रतिवादीने हे संरक्षण हातचे घालवलेले असते. आपली किंवा वकिलांची हजेरी रोजनाम्यात आली आहे, याची त्याच दिवशी खात्री करावी.

*(ई) दावा मागे घेण्याच्या पुरसिसवर (न्यायालयात दिलेल्या लेखी कथनावर) गप्प बसू नये.* निकाल विरुद्ध जाणार असे दिसताच दावा काढून घेणे, ही जुनी युक्ती आहे. नवा दावा करण्याची मुभा मागितली असेल, तर आदेश २३, नियम १ प्रमाणे त्यासाठी तांत्रिक दोष किंवा तत्सम पुरेसे कारण दाखवावे लागते. त्या मुभेला लेखी विरोध करावा आणि खर्च मागावा. मुभेशिवाय मागे घेतलेल्या दाव्याच्या विषयावर पुन्हा दावा करता येत नाही. "हरकत नाही" अशी सही करण्यापूर्वी पुरसिसमधील शेवटची ओळ दोनदा वाचावी.

*(उ) तडजोडीचा परिणाम ओळखावा.* लोकअदालतीत मिटलेले प्रकरण अंतिम होते, न्यायालयीन शुल्कही परत मिळते, आणि भांडण खरोखर संपत असेल तर तो उत्तमच मार्ग आहे. पण त्यात दावा खोटा होता असा निष्कर्ष कोणी काढत नाही. अशी प्रकरणे तक्त्यात "तडजोड" म्हणूनच दाखवावीत.

*(ऊ) कॅव्हेट दाखल करावे.* नवा दावा व एकतर्फी मनाई अर्ज येण्याची शक्यता असल्यास कलम १४८-अ प्रमाणे कॅव्हेट द्यावे आणि त्याची सूचना समोरच्याला पोचदेय नोंदणीकृत टपालाने पाठवावी. त्याची मुदत ९० दिवसांची असते, म्हणून दिनदर्शिकेवर खूण करून नव्याने दाखल करत राहावे. कॅव्हेटने दावा थांबत नाही. आपल्याला सूचना न देता अर्जावर आदेश होत नाही, इतकाच त्याचा लाभ.

टप्पा ५: फौजदारी प्रकरणांतील समांतर काम

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे; त्याआधीपासून प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार चालू राहतात. म्हणून कलम लिहिताना प्रकरणाची तारीख पाहावी.

खाजगी फिर्यादीत नव्या संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. पूर्वीच्या निकालांच्या नकला दाखवण्याची ही पहिली आणि फार चांगली जागा आहे, तरीही नोटीस आल्यावर घाबरून जामिनाचीच चौकशी केली जाते. दोषमुक्ती किंवा निर्दोष सुटकेच्या वेळी आरोपाला वाजवी कारण नव्हते असे दंडाधिकाऱ्यांचे मत झाले, तर फिर्यादीकडून खुलासा मागवून त्याला भरपाई द्यायला लावता येते (नवे कलम २७३, जुने २५०). सुटकेच्या आदेशापूर्वीच, युक्तिवादात, ही विनंती करावी. न्यायालयात खोटा पुरावा दिला गेल्याचा आरोप असेल, तर नवे कलम ३७९ (जुने ३४०) आणि फिर्याद मुळातच रद्द करून घ्यायची असेल, तर उच्च न्यायालयापुढे नवे कलम ५२८ (जुने ४८२) हे मार्ग आहेत.

> तपासणी: टप्पा ४ व ५ नंतर तक्त्याचा "न्यायालयाचे कारण" हा रकाना पुन्हा वाचावा. निदान काही ओळींत दावा निराधार असल्याचे न्यायालयाच्या शब्दांत लिहिलेले नसेल, तर अजून थांबणे शहाणपणाचे.

टप्पा ६: महाधिवक्त्यांकडे निवेदन

अर्ज महाधिवक्ता करतात, म्हणून आपले निवेदन मुंबईतील त्यांच्या कार्यालयाकडे जाते. त्यात तीन भाग पुरेसे असतात: सुरुवातीला दोन-तीन पानांत मूळ वाद आणि तो कधी, कोणत्या निकालाने संपला, त्यानंतर टप्पा २ मधील तक्ता, शेवटी तक्त्याच्या क्रमाने लावलेल्या आणि पृष्ठक्रमांक घातलेल्या नकला. कथन शपथपत्रावर द्यावे. समोरच्याची जात, राजकारण, दारू, घरगुती भानगडी यांतले काहीही लिहू नये. तो माणूस वाईट आहे हे सिद्ध करायचे नाही, तो सवयीने निराधार दावे दाखल करतो हे दाखवायचे आहे.

निवेदन आले म्हणजे अर्ज करावाच लागतो असे नाही. तो निर्णय महाधिवक्त्यांचा असतो. त्या काळात चालू प्रकरणांतल्या तारखा सोडू नयेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यातील प्रकरणांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे, म्हणून कागदपत्रांचा एक संच तेथील वकिलांना देता येईल असा तयार ठेवावा. महाधिवक्त्यांचा अर्ज कोठे दाखल होईल, हे मात्र त्यांचे कार्यालयच ठरवते.

टप्पा ७: सुनावणी आणि आदेशानंतर

समोरच्याला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय आदेश होत नाही. नोटीस बजावली न जाणे हे विलंबाचे नेहमीचे कारण असते, म्हणून त्याचा सध्याचा पत्ता आणि चालू प्रकरणांतील त्याच्या वकिलांचे नाव निवेदनातच द्यावे.

आदेश झाल्यावर तो शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होतो. आपण त्याची प्रमाणित नक्कल घेऊन प्रत्येक प्रलंबित प्रकरणात स्वतंत्र अर्जासोबत दाखल करावी. खालच्या न्यायालयाला आपोआप कळेल, असे गृहीत धरू नये. परवानगी कोणत्या न्यायालयाची लागेल आणि जुन्या प्रकरणांबाबत काय म्हटले आहे, हे आदेशातील शब्दांवरूनच ठरवावे. परवानगीशिवाय दाखल झालेले प्रकरण फेटाळले जाते. परवानगी मागितली गेली, तर ते प्रकरण न्यायप्रक्रियेचा गैरवापर नाही आणि त्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे, हे पाहिले जाते. म्हणजे त्या माणसाचा एखादा खरा दावा उद्याही उभा राहू शकतो. असा दावा आला म्हणून आदेश मोडला, अशी ओरड करू नये.

नोटीस आपल्यालाच आली असेल तर

वरचाच तक्ता उलट्या बाजूने करावा. ज्या प्रकरणांत तात्पुरता का होईना दिलासा मिळाला, अपील दाखल करून घेतले गेले, समोरच्याने तडजोड केली किंवा वकिलांच्या लेखी सल्ल्यावरून पाऊल उचलले, ती प्रकरणे वेगळी काढावीत. थकलेला खर्च सुनावणीपूर्वी भरून पावती जोडावी, आणि जी प्रकरणे खरोखरच टिकणारी नाहीत ती स्वतःहून मागे घ्यावीत. वकील देण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील पक्षकार मोफत वकिलास पात्र असतात. या नोटिशीला उत्तर म्हणून महाधिवक्ता, न्यायाधीश किंवा समोरच्या वकिलांविरुद्ध नवी फिर्याद दाखल करू नये. तक्त्यातली पुढची ओळ तीच होते.